टॉर्क पान्याचा खटका

पहिला ठोसा बसला तेव्हा फिटरच्या हातात चहाचा कप होता. कप फुटला आणि दातही पडला. मारणारा होता बसड्रायव्हरचा धाकटा भाऊ. काल उतारावर थोरल्याच्या बसचं पुढचं चाक निखळलं, बस कठड्यावर आदळली आणि त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. आज आईला घेऊन इस्पितळात निघालेला धाकटा वाटेत गॅरेजच्या दारात मिनीबस लावून आत घुसला होता.

"नट आवळले होतेस ना रे?"

"आवळले होते. खटका वाजला होता," फिटर रक्त थुंकत म्हणाला.

"घाल तुझा खटका चुलीत!"

धाकट्याने त्याला कॉलर धरून उचललं, टेबलावर आपटलं आणि तो खाली पडून डोकं हातांनी झाकून घेत असताना लाथांनी तुडवलं. बरगडी मोडली. कोणी मध्ये पडलं नाही, आणि पडणार तरी कशाला? थोरला सगळ्यांचाच लाडका होता.

हात दुखल्यावर धाकटा बाहेर गेला. फिटर मात्र अजूनही स्वतःला निर्दोष समजत होता. नट ठरल्या जोरापर्यंत आवळला की टॉर्क पाना खटका देतो. खटका वाजला म्हणजे काम चोख. आता हा पाना बिचारा नाजूक. काम संपलं की मूठ उलटी फिरवून आतली स्प्रिंग सैल करायची, अडकलेले नट या पान्याने सोडवायचे नाहीत, वेळच्या वेळी तपासून घ्यायचा. फिटरला हे सगळे चोचले वाटत. सगळ्या बसना एकच आकडा, मग रोज मूठ फिरवायची कशाला? जाम नट दिसला की हा शहाणा त्याच पान्याला पाइप लावून लटकायचा. तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, "माझ्या हातातला पाना आहे!"

आपलं खरं करायला तो फरपटत भिंतीवरच्या तपासणी यंत्रापाशी गेला. पाना नेहमीच्या आकड्यावर, सहाशेवर होता. त्याने जोर लावला. खटका वाजला तेव्हा यंत्राचा काटा चारशेपर्यंतही पोचला नव्हता. पुन्हा तेच.

कायम दाबून राहिलेली स्प्रिंग थकली होती; खटका आधीच वाजत होता. परवा याच पान्याने त्याने धाकट्याच्या मिनीबसचीही चाकं आवळली होती, आणि बाहेर इंजिन सुरू झालं होतं.

बरगडी दाबत तो धावला आणि गाडीला आडवा उभा राहिला.

"गाडी बंद कर!"

"अजून पोट भरलं नाही का तुझं?" धाकट्याने गाडी पुढे रेटली. बंपर फिटरच्या गुडघ्याला भिडला. त्याने हातातला पाना उगारून समोरच्या काचेवर हाणला. काचेचा चुरा आत उडाला, म्हातारी किंचाळली. धाकटा उडी मारून उतरला, पाना हिसकावला आणि फिटरच्या मनगटावर घातला. हाड कातडीबाहेर आलं.

"मार, हवं तेवढं मार," फिटर ओरडला, "पण आधी आईला उतरव! चाक बघ!"

तो सरपटत पुढच्या चाकाशी गेला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी नट गरागरा फिरला. धाकट्याने शेजारचा धरून पाहिला. तोही फिरला.

धाकटा गाडीत चढला. त्याने आईला धरून सावकाश खाली उतरवलं, पायरीवर बसवलं, तिच्या केसांतल्या काचा काढल्या. मग तो परत आला. पाना त्याच्या हातातच होता. मघाशी त्याला नुसता संशय होता.

या वेळी फिटरने डोकं झाकलं नाही.