उभं करून मोजा

"माजं हाड फरशीनं न्हाई मोडलं. तुमी मोडलंय."

तानुबाई स्टुलावर टेकायच्या आतच बोलली. विश्रामबागच्या त्या दवाखान्यात बाहेर बाकडी गच्च भरलेली आणि डॉक्टरांचा एक हात पुढच्या केसपेपरवर. मल्हार ओशाळला.

"आये, गप की! डॉक्टर, तिचं मनावर घेऊ नका."

"तू गप. बायकूला सोडून कुणाला बोलाय येतंय तुला?"

आई पडली त्या दिवशी मल्हार कुपवाडच्या कारखान्यातून धावत घरी आला. म्हातारी मोरीपाशी आडवी आणि फरशी ओली. पाणी होतं तिच्याच हातच्या तांब्यातलं, पडता पडता सांडलेलं. पण ऐकतो कोण? त्यानं बायकोला, सोनमलाच धरलं, "आईला पाडायला पाणी ओतून ठेवलंस व्हय गं?" खुब्यात सळी पडली, म्हातारी वॉकर धरून चालायला लागली, तरी त्याचं तुणतुणं तेच. सोनमच्या घशाखाली घास उतरेना. ती घडीघडीला कोरडीठाक फरशी पुसत राहिली. तानुबाई ते रोज बघायची.

डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळत म्हणाले, "आजी, वय झालं की हाडं ठिसूळ होतात. तोल जातोच."

"हाडं जुनी हायत, व्हय. पर बीपीची दुसरी गोळी दिल्यापास्नं उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती, त्या दिशी तशीच पडले. मागच्या खेपंला, पडायच्या आदीच सांगितलं, तर तुमी म्हणला, बीपी झ्याक हाय."

"आजही चांगलं आहे. एकशेचाळीस."

"बसवूनच मोजताय की!" मेंढरांमागं माळ तुडवण्यात जन्म गेलेली बाई ती. "आवं, बसल्या कळपात लंगडं मेंढरू घावतंय व्हय? उठवा मला."

मल्हारनं हात पुढं केला. तिनं तो झिडकारला, वॉकरची दांडी पकडली, सळीचा पाय ओढला आणि उभी राहिली. डॉक्टरांनी पट्टा फुगवला. जरा थांबून पुन्हा फुगवला.

एकशेपाच.

तीच अंधारी आली. कपाळावर घाम डवरला. तानुबाई हलली नाही.

"गोळीनं होतं असं कधीकधी," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "उभं करूनही मोजायचं असतं. गर्दीत राहून जातं."

म्हणजे ठाऊक होतं! गर्दीत राहून गेलं ते एका बाईचं खुब्याचं हाड होतं, आणि दुसरीचं तोंडचं अन्न.

डॉक्टरांनी चिठ्ठी ओढली. "डोस कमी करतो. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. उठताना आधी जरा बसायचं, मग सावकाश..."

"समदं करीन. गोळीबी खाईन. पर आदी माज्या ल्योकाकडं बघून सांगा, चुकलं कुणाचं? माज्या सुनंचं, का तुमचं?"

मल्हारनं मान खाली घातली. डॉक्टरांनी पायानं स्टूल तिच्याकडं सरकवलं.

तिनं वॉकरची दांडी सोडली नाही. दंडावरचा पट्टा तसाच लोंबत होता.

"सांगा. तवर मी बसत न्हाई."