बुडाची भोकं

माझ्या नवऱ्याने, मर्डोने, आयुष्यभर मासेमारीची बोट चालवली, त्यामुळे बुडाला भोक असलेली कुठलीच वस्तू त्याला बघवत नाही. जुनं मोटरहोम, म्हणजे राहायची गाडी, घेतलं तेव्हा विकणारे गृहस्थ गॅसची टाकी ठेवायच्या कपाटाशी वाकून सांगू लागले, "खाली ही भोकं आहेत ना, ती..."

"भोकांचं मला शिकवू नका," मर्डो म्हणाला. बिचाऱ्यांनी कपाट लावून किल्ल्या दिल्या.

पहिल्या मुक्कामी, खाडीच्या काठावर, त्या भोकांतून असा वारा यायला लागला की पाय बधिर झाले. मर्डोने मी विणलेले लोकरीचे मोजे त्यांत कोंबले आणि वरून टेप मारली. गाडी उबदार झाली. खरं सांगते, मला नवऱ्याचं कौतुक वाटलं. सकाळी डोळे उघडले की खिडकीत समुद्र, कधीमधी एखादा सील डोकं वर काढून बघणार, हातात चहा. फ्रिज पहिल्या दिवसापासून बंद होता, पण आमच्या उत्तरेकडच्या सदरलंड परगण्याच्या थंडीत फ्रिज हवाय कुणाला? या वयात इतकं सुख मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

एका सकाळी मर्डोने गॅसची टाकी बदलली आणि गळ घेऊन खडकांकडे गेला. मी ड्रायव्हरच्या सीटच्या वर असलेल्या बिछान्यात लोळत पडले. मग उतरले, किटली भरून शेगडीवर ठेवली, काडेपेटी घेतली. हिवाळ्यातल्या तापापासून मला कसलाच वास येत नाही.

काडी काढून हातात धरली आणि दुसऱ्या हाताने बिस्किटांचा डबा उघडला. खाली घोंगडीवर झोपलेला आमचा म्हातारा कुत्रा टॅम त्या झाकणाच्या आवाजाने गाढ झोपेतूनही उठतो. तो उठला नाही.

"टॅम, बिस्कीट."

मी वाकले. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते, जीभ बाहेर. आणि कपाटातून बारीक फुस्स असा आवाज येत होता.

काडी अजून माझ्या हातात होती. ती मी खिशात ठेवली, इतकी हळू, जणू ती झोपली होती. टाकीचा नॉब बंद केला, दार उघडलं, टॅमला घोंगडीसकट ओढत लांब गवतावर नेलं.

मान वर केली तर मर्डो येत होता. तोंडात तंबाखूचा पाइप, आणि तो पेटलेला. दार सताड उघडं होतं आणि तो सरळ तिकडेच निघाला होता.

"मर्डो, थांब! पाइप विझव!"

बोटीच्या इंजिनाने त्याचे कान केव्हाच खाल्लेत. त्याने हसून हातातले दोन बांगडे उंच धरले. मी पायरीजवळची भांडी धुतलेल्या पाण्याची बादली उचलली आणि दुखऱ्या कमरेनिशी धावले. ती सगळी त्याच्या तोंडावर ओतली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"गॅस," मी म्हटलं. "तो खाली बसतो, मर्डो. बाहेर जावा म्हणून असतात ती भोकं. तेच सांगत होते ते गाडी विकणारे, आणि तू बोलू दिलं नाहीस."

त्याने टॅमकडे पाहिलं आणि त्याच्याजवळ जाऊन गवतावर बसला. बांगडे हातातून सुटले. आम्ही दोघं त्या कुत्र्याचं पोट हलतंय का ते बघत राहिलो. बऱ्याच वेळाने टॅम शिंकला, मान वळवली आणि पडल्या पडल्या बांगड्याची शेपटी चाटू लागला.

"विकून टाकू गाडी," मर्डो म्हणाला. केसांतून पाणी गळत होतं. "मी तुला मारलं असतं गं, इशबेल."

शिव्यांची माळ माझ्या तोंडात तयार होती. ती तशीच राहिली.

"नाही मारलंस ना? मग ऊठ. मोजे काढ आणि गॅसच्या नळीचा सैल राहिलेला आटा नीट बसव."

रात्री पुन्हा तोच वारा. मर्डोने ते मोजे माझ्या पायांत चढवले. एकाला टेपचा चिकटा अजून होता.

"गार लागतंय?" त्याने विचारलं.

"लागतंय," मी म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.