एकच जोडी

सुगंधाबाईने साचा अलगद वर उचलला. ओली वीट जमिनीवर उतरली. दुसरा गोळा हातात घेता घेता तिने चोरून पलीकडे पाहिलं. पलीकडच्या रांगेत तिची थोरली बहीण आसराबाई साच्यात गारा दाबत होती. मान वर करायलाच तयार नव्हती.

शहागडच्या या वीटभट्टीवर दोघी बहिणी नवऱ्यांसोबत विटा पाडायच्या. दोन झोपड्यांमधली कुडाची भिंत एक, चूल एक. पण कापसाचा भाव बसला, जालन्यातल्या नव्या जिनिंगचं बांधकाम अर्ध्यात थांबलं आणि विटा न्यायला गाड्या येईनाशा झाल्या. तेव्हा मालक रामराव म्हणाले होते,

"एकच जोडी ठेवता यील. पुढच्या बाजारी सांगतो."

कोणती, ते काही बोलले नाहीत. पण जिच्या हाताला उरक जास्त तीच जोडी राहणार, हे दोघींनी आपापल्या मनाशी ठरवूनच टाकलं. त्या दिवसापासून चुली दोन झाल्या. तांबडं फुटायच्या आत गारा तुडवला जाऊ लागला. नवरा कडूबा कंबर धरून उभा राहिला, की सुगंधाबाई त्याच्यावर डाफरायची. सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय देतोय हे तिला कळत होतं, आणि लाजही वाटत होती. हात मात्र थांबत नव्हते.

बाजाराच्या दिवशी रामराव आले. कच्च्या विटांच्या रांगा पार बाभळीपर्यंत गेल्या होत्या. ते शेवटापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले.

"एवढ्या कशाला पाडल्या?"

"तुमीच म्हन्ले व्हते न् मालक, एक जोडी ठेवतो म्हनून," सुगंधाबाई म्हणाली.

"ठेवनारच होतो. आखाडापर्यंत थोड्या थोड्या पाडल्या असत्या एका जोडीनं. आता ह्याच वरीसभर पुरतीन. घेनारा तर बिलकुल न्हाई. मंग जोडी ठेवून काम कोनतं देऊ?"

आसराबाईचा नवरा त्रिंबक विटांच्या रांगेकडे बघत तिथेच खाली बसला. रामरावांना तिथे उभं राहवेना. ते घाईने गाडीत बसून निघून गेले.

सुगंधाबाई साचा धुवायला बसली. रोजच्यासारखीच, कोपरे बोटाने कोरून कोरून. शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. आसराबाईने अर्धी भाकर मोडून तिच्यापुढे धरली.

"खाय," ती म्हणाली. "अन् ठिव तो साचा. उद्या लवकर उठायचं न्हाई आपल्याला."