चार ठोक्यांची लाट

लाटेचा माथा पहिल्या खुंटाला लागला तसे वामनने टाळ वाजवायला सुरुवात केली. दुसरा खुंट वीस मीटर अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला होता.

किनाऱ्यावरच्या नव्या बांधासाठी लाटांच्या मोजणीला आलेल्या कैलासचा फोन सकाळीच खाऱ्या पाण्यात पडला होता. त्याआधी गंमत म्हणून दोघांनी जुळवून पाहिलं होतं. वामनचे साठ ठोके, फोनचं एक मिनिट. दांडीच्या देवळात चाळीस वर्षं कीर्तनाला साथ करणारा हात होता तो.

"फोनला आंघोळ घातलीत, आता वहीला नका घालू," वामनची बायको गोदूबाई म्हणाली.

कैलास हसला, पण थकून. सहा दिवस तो हेच करत होता. आजची भरती शेवटची, आणि ही लाट सगळ्यांत मोठी. हिशेबात धरायची ती हीच.

एका माथ्यामागून दुसरा माथा आठ ठोक्यांनी येत होता. दोन खुंटांमधला वेळ कळला की वेग. वेगाला आठने गुणलं की लाटेची लांबी. ती पस्तीस मीटरच्या वर गेली तर बांध आणखी भक्कम करून मागे, आळीच्या तोंडाशी सरकवणार, आणि वामनचं घर बांधाबाहेर, समुद्राकडे राहणार. मग ते खाली करायचं. बाजारात मासळी विकून आकड्यांत तयार झालेल्या गोदूबाईने वाळूवर बोटाने केव्हाच करून पाहिलं होतं. चार ठोके, तर चाळीस मीटर. पाच, तर बत्तीस.

टाळ थांबले.

"पाच सांगा," ती हळूच म्हणाली.

कैलासला ऐकू गेलं. त्याने वहीतून मान वर केली नाही.

"काका, सावकाश आठवा. चार की पाच?"

पेन कागदावर टेकलं नव्हतं.

वामनने मागे वळून पाहिलं. घरामागच्या आळीत त्याची पुतणी भाविका बोंबील वाळत घालत होती. तिचं पोर वलांडीच्या दोऱ्यांखाली रांगत होतं.

"चार."

"अवो..."

"मंग पाचाचा बांध बांधतील, गोदू. येनारी चाराची हाय."

कैलास लिहीना.

"काकू, मी..."

"लिवा, सायेब. त्यांचा ठोका कंदी चुकला नाय. तोच तर वांधा हाय."

तिने वामनच्या हातून टाळ काढून घेतले आणि चालता चालता पदराने पुसले. दाराशेजारी टाळ अडकवायचा खिळा होता. तिथे ती जरा थांबली. मग आत जाऊन तिने टाळ पिशवीत ठेवले.