लच्चव्वाने पाहिलेला माणूस

तेलंगणाच्या हद्दीतल्या बेल्याच्या आठवडी बाजारातून निघालेली तिसरी म्हातारी कापसाच्या वावरात मेलेली सापडली, तेव्हा पोलीस शिपाई रश्मीच्या मनात आलं, की आपण कोणाला शोधतोय हेच आपल्याला ठाऊक नाही.

विमलबाई, राहीबाई आणि आता चंद्रभागाबाई. तिघी एकट्या राहणाऱ्या, तिघी बाजार करून पायी गावाकडे निघालेल्या. गळा लुगड्याच्याच पदरानं आवळलेला. हातापायांतली चांदी जागच्या जागी, अंगावर दुसरी जखम नाही. डोक्याला मात्र एरंडेल चोपडलेलं, केस नीट विंचरलेले आणि शाळेत जाणाऱ्या पोरीची घालावी तशी घट्ट वेणी. मारणाऱ्यानं मारण्याआधी एवढी माया कशाला केली, याचा काही केल्या उलगडा होईना.

ठाण्याचे एसआय, म्हणजे फौजदार, राजलिंगू तेलुगू मुलखातले. मराठी त्यांना अर्धीमुर्धी कळे, बोलता येत नसे. रश्मी सीमेवरच्या गावातली, मास्तराची मुलगी. घरात मराठी, शाळेत तेलुगू. त्यामुळे जबान्या घ्यायचं काम तिच्यावरच पडलं. चंद्रभागाबाईला शेवटचं पाहणारी एकच साक्षीदार मिळाली, बाजारात चिंच विकणारी लच्चव्वा. गिऱ्हाइकाला चिंच मोजता मोजता ती तेलुगूत एवढंच म्हणाली, “ओक मनिषितो पोयिंदि.”

“एका माणसाबरोबर गेली,” असं मनाशी म्हणत रश्मीनं ठाणं गाठलं आणि साहेबांना सांगितलं, मारणारा पुरुष आहे.

मग पुरुषांचाच शोध सुरू झाला. मोटारसायकली अडवल्या, दारूच्या गुत्त्यांवरची माणसं उचलली. शेवटी खुशाल सापडला. गावोगाव फिरून बायकांचे गळालेले केस घ्यायचे आणि बदल्यात क्लिपा, फण्या, टिकल्या द्यायच्या, हा त्याचा धंदा. तिन्ही गावांत त्याची फेरी असे. त्याच्या पिशवीत पांढऱ्या केसांचे गुंतवळ निघाले, तेव्हा राजलिंगूंनी टेबलावर थाप मारली.

खुशालला झोपू दिलं नाही. मारलंही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मान हलवली. “हो. मीच केलं.”

“तेल कोणतं लावलंस?” रश्मीनं विचारलं.

“खोबऱ्याचं.”

“चंद्रभागाबाईले कुठं टाकलं?”

“नाल्यात... नाही, विहिरीत. तुमी सांगा ना मॅडम, कुठं?”

रश्मीनं सुतळीचे तीन तुकडे त्याच्यापुढे धरले. “वेणी घाल.” त्यानं सुतळ्या उलटसुलट केल्या, एकात एक अडकवल्या आणि शेवटी गाठ मारून ठेवली.

“भ्यायलाय तो, हात कापतायत,” साहेब तेलुगूत म्हणाले. “पांढरे केस त्याच्याच पिशवीत होते ना?”

होते. ते खोटं नव्हतं. पण समोरची गाठही खोटी नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कशा, ते रश्मीला उमगेना. ती बाहेर पडली आणि थेट लच्चव्वाकडे गेली.

“तो माणूस पाहिला तर ओळखशील?” तिनं तेलुगूत विचारलं.

“तो?” लच्चव्वानं डोळे बारीक केले. “मोगोडु म्हणाले का मी? पुरुष म्हणाले का? मनिषि म्हणाले, पोरी. बाईमाणूस होती.”

तेलुगूतला मनिषि बाईही असतो आणि पुरुषही. हे रश्मीला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्या दिवशी कानांनी मराठीतला माणूस, म्हणजे पुरुषच, ऐकला होता, कारण त्यांना तोच ऐकायचा होता.

“कोण बाई?”

“ती मालिशवाली. बाळंतिणींचं अंग चोळते ती. गोड बोलते. मलाही म्हणत होती, चल शेतावर, तुझं डोकं विंचरून देते.”

कौशल्याबाई. तिन्ही मयतांच्या घरी ती होती. राहीबाईच्या अंगणात पोलिसांसाठी चहा तिनंच केला होता, आणि रश्मीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडलीही होती.

राजलिंगूंचा विश्वास बसेना, तरी त्यांनी जीप काढली. उन्हं उतरायला लागली होती. कौशल्याबाईच्या शेतातल्या झोपडीपुढे एक अनोळखी म्हातारी पाय पसरून बसली होती. तिचे डोळे सुखानं मिटलेले. मागे कौशल्याबाई तिच्या केसांतून फणी फिरवत होती. जीप पाहूनही तिचा हात थांबला नाही.

“थांब पोरी,” ती रश्मीला म्हणाली. “एवढी वेणी होऊ दे.”

रश्मीनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही. काही नाकारलंही नाही.

“काऊन मारलं त्याइले?”

“मारलं?” कौशल्याबाईला प्रश्नच कळला नसावा. “कितीक वर्षांत कोणी डोक्याले हात लावला नोता त्याइच्या. डोळे लागत होते बिचाऱ्याइचे. मंग मी निजवलं. घरी जाऊन पुन्हा एकटंच बसा लागलं असतं ना.”

इकडे म्हातारी उठून भांडायलाच लागली. “काऊन नेऊन राह्यले तिले? माह्या पोरीसारखी हाये ती!” अर्धी वेणी खांद्यावरून उकलत होती. म्हातारी काय म्हणतेय, असं राजलिंगूंनी खुणेनं विचारलं; रश्मीनं जीपचं दार उघडलं. जीपमध्ये कौशल्याबाई मुकाट्यानं बसली. रश्मीच्या मनात चीड यायला हवी होती. ती आलीच नाही, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी खुशालला सोडलं. रश्मीनं त्याला पिशवी परत दिली. आपल्या एका शब्दानं हा माणूस आत आला होता. माफी मागायची म्हणून तिनं तोंड उघडलं. पण तोच आधी बोलला.

“मॅडम, एक इचारू?”

“विचार.”

“ज्या टायमाले मी हो म्हणलं ना, त्या टायमाले मले खरंच वाटलं का मीच केलं. म्हातारीचा गळा डोळ्यापुढं दिसत होता.” त्यानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. “असं होते का कोणाले?”

“नाही माहीत,” रश्मी म्हणाली.

तो ठाण्याची पायरी उतरला. मग पिशवी काखोटीला मारून नार्नूर गावच्या बसची चौकशी करत फाट्याकडे निघाला.