कात्री कुणाच्या हाती?

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागदाची नव्हे, कापडाची. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं त्यावरूनच झाली.

माझी दोन पाती वेगवेगळी जन्माला आली. भट्टीत लाल झाली, घणाखाली चपटी झाली, तेलात बुडून चुरचुरली आणि मग एका स्क्रूने एकमेकांना बांधली गेली. मला घडवणारा कारागीर गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "हिचा स्क्रू फार आवळलात तर ही चालायची नाही, ढिला सोडलात तर कापड चावेल. अधूनमधून बघत जा." ते गिऱ्हाईक म्हणजे आमच्या मास्तरांचे वडील. त्यांनी मला आपल्या शिंपीकामाच्या दुकानात आणलं, खिडकीजवळच्या पितळी खिळ्यावर टांगलं आणि एक रीत घालून दिली : ही कात्री घरातल्या मोठ्या मुलाच्या हाती. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

त्यांच्यामागून मी मास्तरांकडे आले. मास्तरांचा हात काय सांगू! खडूची रेघ पुढे आणि मी तिच्या मागे, जणू बोट धरून चाललेलं मूल. लोक म्हणत, मास्तरांनी कापलेला कोट माणसाला आपसूक ताठ उभा करतो. दारावर पाटी होती, 'राजवाड्याचे शिंपी'. खरं सांगायचं तर राजेसाहेबांचा साधा रुमालही आमच्याकडे कधी आला नव्हता. आम्ही शिवायचो तो राजवाड्याच्या द्वारपालाचा मखमली कोट, वर्षाला एक. पण मास्तर तो एक कोट असा शिवायचे, की राज्याभिषेक त्याच कोटात होणार आहे!

मास्तरांना दोन मुलं, थोरला आणि धाकटी. थोरला चालायला लागला त्या दिवसापासून जो तो त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "ती बघ तुझी कात्री." धाकटीला कुणी काहीच सांगितलं नाही. ती आपली कोपऱ्यात बसून एका बोथट, छोट्या कात्रीने जुन्या वर्तमानपत्रांच्या बाह्या कापायची, कॉलर कापायची.

मग ते वर्ष आलं. राजेसाहेब थकले होते, आणि सरकारने लोकांनाच विचारायचं ठरवलं : यापुढे गादी राजपुत्राकडे जावी, की देशाचा प्रमुख लोकांनी निवडून द्यावा? मतदानाला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत आमच्या दुकानात माप द्यायला आलेला एकही माणूस गप्प उभा राहिला नाही. छातीचं माप घेताना सगळे राजाबद्दल बोलायचे. पोटाचं घेताना मात्र श्वास रोखायचे, तेवढीच शांतता.

मास्तर राजाच्या बाजूचे. ते म्हणायचे, "राजा लहानपणापासून त्या कामासाठीच घडवतात. निवडून आलेला माणूस शिकेशिकेपर्यंत त्याची मुदत संपते."

बटणांची काजं करणाऱ्या मावशी सुईतून मान वर न काढता म्हणायच्या, "आणि राजाचा लेक नालायक निघाला तर? शिवण उसवता येते मास्तर, काज उसवता येत नाही. एकदा कापलं की कापलं."

"अहो, पण राजा कुणाची मतं मागायला येत नाही, म्हणून कुणाचा मिंधा नसतो!"

"मागायला येत नाही म्हणून तर कुणाचं ऐकायलाही येत नाही!"

इस्त्रीवाल्या काकांना दोघेही विचारायचे, तुमचं काय? काका इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून चर्रर्र आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "माझं असं आहे, राजाच्या कोटाला घड्या कमी पडतात, पुढाऱ्याच्या कोटाला जास्त. मी कामाकडे बघून ठरवीन."

अशा गप्पांत द्वारपाल मापाला आले. मास्तरांनी मोठ्या आशेने विचारलं, "तुम्ही तर राजेसाहेबांना रोज बघता. सांगा यांना."

द्वारपाल म्हणाले, "बघतो ना, पाठ बघतो. मी दार उघडतो, ते आत जातात. आत कुणीही बसलं तरी दार मलाच उघडायचंय. कोट तेवढा शनिवारपर्यंत द्या."

त्या वर्षी तो कोट मास्तरांना कापता येणार नव्हता. त्यांची बोटं आखडली होती, माझ्या मुठीच्या कड्यांत शिरायलाच तयार नव्हती. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं आणि थोरल्याच्या हातात दिलं. थोरल्याचा तळवा घामाने ओला होता. हे काम त्याचं नव्हे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण कात्रीला कोण विचारतो?

मित्रांनो, मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. आणि उजेडात एक बाजू गडद दिसते, दुसरी फिकी. म्हणून मखमल कापताना सगळे तुकडे एकाच दिशेने मांडायचे असतात. थोरल्याने कापड वाचवायला एक तुकडा सुलटा मांडला, एक उलटा. मला रेघ दिसत होती, लवही कळत होती. पण धरणाऱ्याचा हात जिकडे नेईल तिकडे जायचं, हा माझा धर्म.

गुरुवारी द्वारपाल कोट घालून आरशासमोर उभे राहिले. खिडकीतून ऊन आलं. डावी छाती गडद, उजवी फिकी.

"मास्तर," द्वारपाल हळूच म्हणाले, "हा कोट दोन माणसांचा दिसतोय."

मावशींची सुई थांबली. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तसली मखमल आता बाजारात नव्हती आणि उरलेला तुकडा वीतभर कमी पडत होता. शनिवारी कोट गेला नाही, तर दारावरची पाटी उतरवायची वेळ येणार होती.

धाकटी उठली. तिने तो तुकडा टेबलावर पसरला, त्यावरून तळहात फिरवला आणि खडूने चार रेघा मारल्या. "खिशाचं झाकण येतं ना, त्याच्याखाली जोड लपेल," ती म्हणाली. मग तिने मास्तरांकडे बघितलं. "बाबा, घेऊ?"

मास्तर पुढे आले, आणि आपल्या आखडलेल्या बोटांनी कापडाचा काठ ताणून धरला. धाकटीने मला उचललं. किती दिवसांनी खडूची रेघ पुढे आणि मी तिच्या मागे! वर्तमानपत्रांतल्या फोटोंमधलं राजाचं नाक आणि मंत्र्यांचे टाय कापून कापून शिकलेला तो हात होता, पण लोण्यासारखा चालला.

शुक्रवारी द्वारपाल कोट घेऊन गेले. जोड कुणालाही दिसला नाही. सगळ्यांना वाटलं, आता प्रश्न मिटला. मास्तरांनी मात्र मला पुसून परत थोरल्यापुढे धरलं. "चूक कुणाची होत नाही? कात्री थोरल्याची. रीत आहे ती."

"रीत घालताना कुणी कात्री धरणाऱ्याला विचारलं होतं का?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही मधे बोलू नका!"

"मी मधे बोलत नाहीये, पहिल्यापासून बोलतेय!"

तेवढ्यात थोरला बोलला. मास्तरांपुढे तो फारसा कधी बोलायचा नाही. "बाबा, तुमच्या त्या राजपुत्राचं मला माहीत नाही. पण माझं सांगतो. मला कुणी विचारलंच नाही. मला माप घ्यायला आवडतं, माणसांशी बोलायला आवडतं. ही हातात घेतली की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणापासून येतो." त्याने मला बहिणीपुढे धरलं. "तूच घे."

आणि धाकटीने हात मागे घेतला!

"दादा, तू दिलीस म्हणून मी घेतली, तर तोही वारसाच झाला की. उद्या माझं चुकलं तर मला कोण सांगणार? सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि दर वर्षी ठरवा."

काकांनी पहिल्यांदाच इस्त्री बाजूला ठेवली. बटणांचा पत्र्याचा रिकामा डबा टेबलावर आला. पांढरं बटण म्हणजे धाकटी, काळं म्हणजे थोरला. प्रत्येकाने मूठ मिटून डब्यात हात घालायचा. पाच माणसं, पाच बटणं. मी डब्याशेजारीच पडले होते. डबा उलटा केला, तर चार पांढरी, एक काळं.

"काळं कुणाचं ते सांगायला ज्योतिषी नको," मावशी मास्तरांकडे बघून हसल्या. मास्तर बाहेर जाऊन पाटी पुसत बसले.

मत गुप्त असतं, मित्रांनो. पण आता इतकी वर्षं झाली, म्हणून तुम्हाला सांगते. मास्तरांच्या आखडलेल्या बोटांतून पडलं ते पांढरं होतं. काळं बटण धाकटीचं होतं. भावाच्या बाजूने एक तरी मत असावं, म्हणून टाकलेलं.

दोन दिवसांनी देशाचा निकाल लागला. अगदी थोड्या मतांनी लोकांनी राजा राखला होता. मास्तर वर्तमानपत्र फडकवत आले, "बघा मावशी! देशाने राजा ठेवला!"

"ठेवला खरा," मावशी म्हणाल्या, "पण विचारून ठेवला."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग हसू आवरत म्हणाले, "म्हणजे बाहेर मी जिंकलो आणि दुकानात हरलो." मला मात्र ठाऊक होतं, ते दुकानात हरले नव्हते.

पुढे धाकटीने खूप नाव कमावलं. दर वर्षी डबा निघायचा, दर वर्षी पांढरी बटणं पडायची. सवयच झाली. मग दुकानात विजेवर चालणारं कापणीचं यंत्र आलं आणि मी खणात गेले. माझ्यावर गंज चढला. एकदा तर माझ्या टोकाने कुणीतरी डब्याचं झाकण उचकटलं आणि माझा टवका उडाला. त्या वर्षी डबा उलटा केला, तर काळी बटणं तीन!

धाकटीचा चेहरा पडला. "काय चुकलं माझं?"

काकांनी खण उघडून मला तिच्यापुढे ठेवलं. "पोरी, जी हातात आहे म्हणून लोक तुला मानतात, ती तू शेवटची कधी बघितलीस?"

थोरला म्हणाला, "हे बघ, मी काही ही धरणार नाही, गोळा अजून येतो! पण आम्हाला तुला सांगायचं होतं." त्या दुपारी धाकटी दगडावर मला घासत बसली होती. शेजारी मास्तर, खूप म्हातारे झालेले, तेलाची बाटली धरून. ती स्क्रू आवळायला लागली तशी ते म्हणाले, "फार नको. आणि ढिलाही नको."

आज मी पुन्हा त्याच पितळी खिळ्यावर आहे. कोणी मला वडिलांकडून मिळवतं, कोणी चार जणांच्या मतांनी मिळवतं. मला धरणाऱ्या दोन्ही तऱ्हांच्या हातांवर मी माया केली आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू किंवा एखादं मोठं काम तुमच्या हाती आलं, तर ते कसं आलं याचा फार तोरा मिरवू नका. वर्षातून एकदा उजेडात धरा, गंज बघा, आणि चूक दाखवणाऱ्यांसाठी एक डबा टेबलावर असू द्या.

आणि हो, मला कागद कापायला वापरू नका. त्याला ती छोटी कात्री आहे. ती अजून कोपऱ्यात असते, आणि हल्ली थोरल्याची लेक तिच्याशी खेळत बसलेली असते. ही तुझी कात्री, असं तिला अजून कुणी म्हटलेलं नाही. तिलाच विचारणार आहेत.