बरणीतले चाळीस दिवस

“निम्मं मागे ठेवू का रे?” ताईने विचारलं. तिच्या ओंजळीत घेवड्याचं बी होतं, जांभळ्या ठिपक्यांचं. आई दरवर्षी थोडं पेरून बी धरायची. आईमागे ताईने ते सांभाळलं, पण दाजींच्या आजारपणात तीन वर्षं पेरायचं राहून गेलं. दाजीही गेले. आता होतं ते एवढंच.

“मागे ठेवून काय करणार?” भाऊ म्हणाला. “जुनं झालंय. पुढच्या वर्षी उगवेल याची खात्री नाही. सगळं पेर.”

“मक्यात तणाचं औषध मारलं होतं, म्हणून जीव घाबरतो.”

“किती दिवस झाले?”

“दोन महिने झाले असतील. पाऊसच नाही, म्हणून मका हिरवाच कापून गुरांना घातला.”

“मग झालं तर! चाळीस दिवसांत ते औषध नावालाही उरत नाही. मातीतले जिवाणू खाऊन टाकतात. आमच्याकडे रोज तेच चालतं.”

ताई त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिली. आपला भाऊ मोठ्या प्रयोगशाळेत आहे, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तो तिथे मदतनीस आहे, हे तिने कधी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी सांगू दिलं नाही. पन्नाशी उलटली होती, पण त्याचा सल्ला कुणी घ्यावा असा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी ताठ बसला होता.

प्रयोगशाळेत त्याला सगळे थेंबराव म्हणत. उबदार कपाटात मातीच्या दीडशे बरण्या असायच्या, प्रत्येकीत मोजून मिसळलेलं तणनाशक. दर तीन दिवसांनी बरणीचं वजन करायचं, जेवढी हलकी झाली असेल तेवढं पाणी थेंबाथेंबाने घालायचं. एकवीस वर्षं तो हेच करत होता. काट्यावर ठेवायच्या आधी नुसती उचलूनच तो सांगायचा, “ही सहा थेंब मागतेय.” तिथली शिकाऊ पोरं हसायची. त्यालाही बरं वाटायचं.

विहिरीचं उरलंसुरलं पाणी ताईने मका कापलेल्या त्या एका तुकड्याला दिलं आणि पेरणी केली. आठव्या दिवशी तिचा फोन आला. “सगळं वर आलंय बघ! आई असती तर नाचली असती.”

पंधरा दिवसांनी पुन्हा आला. “अरे, पानांच्या कडा पिवळ्या पडतायत.”

“पाणी कमी पडलं असेल.”

“पाणी घालतेय की. कडेपासून करपत आत येतंय.”

असं करपणं त्याने प्रयोगशाळेत तणनाशक घातलेल्या कुंड्यांत कितीदा पाहिलं होतं. तो तसाच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत गेला.

सगळं ऐकून मॅडमनी चष्मा काढला. “माती त्या दोन महिन्यांत कोरडी होती?”

“हो. ठणठणीत.”

“मग जिवाणू निपचित पडले असणार. ओल नसली की ते काही खात नाहीत, औषध जसंच्या तसं राहतं. पेरताना पाणी दिल्यावर जागे झाले असतील, पण तोवर मुळांनी ते ओढून घेतलं.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “चाळीस दिवस बरणीतले, हो. तिथे पाणी घालायला तुम्ही असता.”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आठवड्याने रजा मिळताच तो ताईकडे गेला. ती वाफ्यात वाकून करपलेली रोपं उपटत होती. एकही वाचलं नव्हतं. त्याने बांधावरूनच सगळं सांगून टाकलं, कोरडी माती, झोपलेले जिवाणू, आपली चूक. शेवटी म्हणाला, “चांगला पाऊस झाला की जागे होतात ते. माती साफ होईल, ताई. पुढच्या वर्षी...”

“माती होईल रे साफ,” ती वर न बघता म्हणाली. “पेरू काय?”

तो खाली बसला आणि तिच्याबरोबर रोपं उपटू लागला. ती ओढताच निघत होती.

उन्हं कलताना शेजारीण बांधाशी थांबली. “अगं बाई, हे काय झालं? आणि भाऊ तुमचे एवढे प्रयोगशाळेत! त्यांना विचारलं नव्हतं का?”

त्याने मान वर केली. आता सांगायला हवं, असं त्याला वाटलं. ओठ हलेपर्यंत ताई उठून उभी राहिली होती. तिने हातांची माती पदराला पुसली.

“त्याचं काय त्यात? बीच खराब होतं,” ती म्हणाली. “आईने नीट धरलं नव्हतं.”

शेजारीण हळहळत निघून गेली. ताई पुन्हा वाकली आणि पुढच्या ओळीला लागली. तो मातीत हात तसेच ठेवून बसून राहिला.